धरलेली जागा

लक्ष्मीच्या देवळातल्या समईवर हात ठेवून सांगतो, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. खोटं बोलत असलो तर माझ्या तोंडात उरलेलं दोन दात आत्ता इतं गळून पडूदेत. बघा, हललं बी न्हाईत. तवा गप बसून ऐका. मधीच "आज्जी, असं कुटं असतंय काय" म्हणून कोण बोलला तर त्यानं उठून जावं, दार उघडंच हाय.

बेळगुंदीत देवळाच्या मागल्या अंगाला गुणाबाईचं घर. जन्मभर रताळी आनि भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात बसलेली बाई. अंगानं काडी, पण तोंड असं की कंडक्टर सुदीक तिला "फुडं सरका" म्हणायच्या आधी घसा साफ करून घ्यायचा. आनि गाडीत जागा धरण्यात तर पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कोण न्हवतं.

जागा कशी धरत्यात ते तुमाला सांगाया नको. गाडी थांबायच्या आधी खिडकीतनं टॉवेल आत टाकायचा. ज्याचा टॉवेल त्याची जागा. मग मागनं कुणी का येईना, टॉवेल उचलून बसायची हिंमत करायची न्हाय. गुणाबाईचा टॉवेल सगळ्या गावाच्या वळखीचा. हिरवागार, कडंला पांढरी पट्टी. गर्दीतनं तो हिरवा टॉवेल उडत गेला की पोरं म्हणायची, "बसली गुणाक्का." ती अजून खाली रस्त्यावरच असायची.

तर माघातली गोष्ट. सांजच्याला बेळगावातल्या खासबागेतनं रविराजचा फोन आला. रविराज म्हंजे गुणाबाईच्या थोरल्या भनीचा, नागुबाईचा ल्योक, आनि सौम्या त्याची बायकू.

"मावशी, डॉक्टरनी आईला घरी न्या म्हणून सांगिटलं. आनलंय. पण काय खाईना झालीया. सारखं गुणाच्या हातची आंबील पायजे म्हणतीया. सौम्यानं करून दिली तर तोंड फिरवून घेतलं."

"सकाळी पयल्या गाडीनं येतो," गुणाबाई म्हणली. "आनि तिला म्हणावं, मी येईस्तवर कुटं जायाचं न्हाय. सांग माझं नाव घेऊन."

फोन ठेवला. पण रडली न्हाय. नाचण्याचं पीठ भिजत घातलं. मग टॉवेल घेऊन देवळाफुडं गेली. तितं वस्तीची गाडी येऊन लागली हुती. ती गाडी रातभर गावात मुक्काम करायची आनि सकाळी पयली फेरी घेऊन बेळगावला जायाची. डायवरच्या मागली, खिडकीजवळची जागा. गुणाबाईनं हात वर करून टॉवेल आत टाकला आनि घरला आली.

असं कोण करत न्हाय. जागा धरली की लगेच मागनं चढून बसायचं असतंय. धरलेली जागा रातभर मोकळी सोडायची नसती. पण त्या दिवशी तिचं ध्यान ठिकाणावर कुटं हुतं?

त्याच राती संप लागला.

सकाळी लई धुकं. गुणाबाई आंबिलीचा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून छातीशी धरून आली, तर डायवर आनि कंडक्टर देवळाच्या कट्ट्यावर चा पीत बसलेलं.

"आक्का, गाडी न्हाय हालणार," डायवर म्हणला. "सगळ्या राज्यात बंद हाय."

"मला खासबागला सोड आनि मग कर की बंद. मी कुटं नको म्हणतोय?"

"तसं चालत न्हाय आक्का. दाराला बी दोरी बांधलीया बघ."

"मग माझ्या जागेवर तो कोण बसलाय?"

दोघांनी वळून बघिटलं. कंडक्टरनं कप खाली ठेवला. "धुकं हाय आक्का," एवढंच म्हणला. मग कुणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून दोघं बी निघून गेलं. राह्यलेला चा तसाच कट्ट्यावर.

गुणाबाई खिडकीपाशी गेली. आत एक माणूस बसला हुता. पांढरा शर्ट, गळ्यापतुर बटणं लावलेली, केस पाणी लावून चापून बसवल्यावानी. मांडीवर कापडाची रिकामी पिशवी, नीट घडी घातलेली. तिचा हिरवा टॉवेल त्यानं पाठीमागं टाकला हुता.

"ओ पावणं, ती जागा माझी हाय. टॉवेल दिसला न्हाय काय?"

"दिसला म्हणूनच बसलो," तो म्हणला. आवाज मऊ, शाळंतल्या मास्तरावानी. "धरलेली जागा असल्याबिगार आमाला बसता येत न्हाय."

"कुटं जायाचं तुमाला?"

"खासबाग. नागुबाईंच्या घरी. न्यायला चाललोय त्यांना."

गुणाबाईचं तोंड जरा नरम झालं. नागुबाईचं सासर मूळचं निपाणीकडलं, बोरगावचं. तिकडचं कोणतरी थोरल्या डॉक्टरकडं न्यायला आलं असंल, असं तिला वाटलं.

"बोरगावचं व्हय तुमी?"

"बोरगावला मागल्या म्हयन्यात गेलतो. मालुबाईंना आनलं तवा."

मालुबाई म्हंजे नागुबाईची नणंद. मागल्या म्हयन्यात तिच्या तेराव्याला गुणाबाई सवता जेवून आलती. दवाखान्याच्या गाडीवरचा माणूस असंल हा, तिनं मनाला सांगिटलं. माणूस आधी सोयीचंच धरून चालतंय बघा.

पण एक गोष्ट तिच्या नजरंतनं सुटली न्हाय. थंडी अशी की तिच्या तोंडातनं वाफ निघत हुती, कट्ट्याखालच्या कुत्र्याच्या तोंडातनं निघत हुती. तो माणूस काचंला तोंड लावून बोलत हुता आनि काच स्वच्छ हुती.

"टॉवेल द्या माझा," ती म्हणली.

त्यानं मुकाट खिडकीतनं दिला. हिरीच्या तळातनं वर काढल्यावानी गार. वल्ला न्हवता, निस्ता गार.

तेवढ्यात भावकूचा मष्णू कोबीचा टेम्पो घेऊन आला. गुणाबाई आडवी झाली. "मष्णू, गणेशपूरपतुर तरी सोड रं. माझी थोरली भन तिकडं वाट बघतीया."

"बस की. कोबीपरीस हलकी तर हाईस."

तिनं टॉवेल मष्णूच्या शेजारच्या जागेवर टाकला. हाताची सवयच ती. खाली वाकून डबा उचलला, वर बघिटलं, तर खिडकीपाशी तो माणूस. मांडीवर पिशवी, पाठीमागं हिरवा टॉवेल.

ती मधी दाटीवाटीनं बसली. टेम्पो निघाला आनि चढ आला की कण्हाया लागला.

"आज वढंना झालीया बग गाडी," मष्णू म्हणला. "माल तर रोजचाच हाय. आनि तू तिकडं दाराकडं सरक की गं आक्का, माझ्या अंगावर का आलीयास?"

"पावण्याला सांग सरकाया."

"कुठला पावणा?"

गुणाबाईनं मष्णूकडं बघिटलं. मष्णू रस्त्याकडं बघत हुता, गंमत करत न्हवता. ती बेनकनहळ्ळी येईस्तवर डबा घट्ट धरून बसली. डब्याची एक बाजू पोळत हुती. दुसरी, त्या माणसाकडची, गार पडत चाललेली.

गणेशपूरला पोलिसांनी टेम्पो अडवला. फुडं गर्दी हाय, मोठ्या गाड्या सोडत न्हाय म्हणाले. खरंच सगळा गाव रस्त्यावर उतरलेला. हापिसातली माणसं डबं घेऊन चालल्यात, कालेजच्या पोरी घोळक्यानं चालल्यात, एक नवरदेव हार सांभाळत कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसलेला. रिक्षावाल्यांची तर दिवाळी.

"अक्का, बस इल्ल, काय इल्ल, कायबी न्हाय," एक रिक्षावाला म्हणला. "स्ट्याण्डपतुर येतो. एकच सीट हाय, धर लवकर."

धर म्हणला आनि तिनं धरली. टॉवेल उडाला. आनि जिथं पडला तितं तो बसलेला हुता. तिसऱ्यांदा.

आता गुणाबाईला कळलं की तिला कोण घेऊन चाललेलं न्हाय. तीच त्याला घेऊन चाललीया.

क्याम्पातल्या झाडांखालनं रिक्षा चालली हुती. बाकीचं पासिंजर आपापल्या मोबाईलात. गुणाबाईनं मान खाली घालून त्याच्या पायाकडं बघिटलं. चपला नव्या कोऱ्या. एका पायावर दुसरा टाकला तवा तळ दिसला. मातीचा कण न्हाय. त्या चपला घालून कोण कधी भुईवर टेकलंच न्हवतं.

"चालत का जाइना तुमी?" तिनं हळूच इचारलं.

"चालता येत न्हाय आमाला. कुणीतरी जागा धरून न्यावी लागती." त्यानं पिशवीची घडी परत सारखी केली. "आज सगळं बंद. आमचे लई जण जागच्या जागी खोळंबल्यात. तुमची जागा मिळाली म्हणून माझं तरी काम हुतंय. उपकार झालं."

"कसलं उपकार? माझ्या भनीला न्यायला निघालासा आनि माझ्याच टॉवेलावर बसून?"

"त्यांची येळ झालीया, आक्का."

"आंबील खाल्ली न्हाय अजून तिनं."

"त्याला आता उशीर झाला."

"उशीर कुणाला म्हणतासा?" गुणाबाई म्हणली. "माझ्या भनीची येळ ठरवणारं तुमी कोण? गिरणीतलं दळण न्यायला आल्यावानी आलासा. गप बसा."

समोरची बाई मोबाईलातनं वर बघाया लागली. तिला वाटलं, म्हातारी एकलीच बोलतीया.

रिक्षा स्ट्याण्डापाशी थांबली. फुडं वाट न्हवती. संपावरची माणसं रस्त्यातच सतरंज्या टाकून बसलेली, घोषणा चाललेल्या. मागं सगळ्या गाड्या रांगेनं उभ्या. लाल, निळ्या, धुळीनं माखलेल्या. एकीत बी माणूस न्हाय.

गुणाबाई उतरली. टॉवेल वढून घेतला. तो माणूस रिक्षाच्या पायरीवर तसाच थांबला. पाय भुईला लावायला तयार न्हवता.

तिनं इचार केला. हितनं पळत सुटलो तर मी फुडं जाईन. पण कितीवेळ? मागनं कोणतरी बाई येणार, घाईत रिक्षात रुमाल टाकणार, आनि हा खासबागला माझ्याआधी पोचणार. ह्याला मोकळा सोडून उपयोग न्हाय. ह्याला बसवायलाच पायजे.

समोर रांगेत एक गाडी हुती. पाटी खासबागची.

गुणाबाई हासली. बाजारात सकाळचं शिळं रताळं सांजच्याला ताजं म्हणून खपवताना हासायची, तसं.

"पावणं," ती म्हणली, "रिक्षात कशाला अंग चेपून घेता? बस हाय की थेट. खिडकीजवळची जागा धरून देतो."

त्यानं गाडीकडं बघिटलं.

"सुटणार कवा?"

"भरली की."

ती गाडीपाशी गेली. खिडकीची काच अर्धी उघडी. तिनं टॉवेल हातात घोळवला. त्या टॉवेलावर तिची सगळी उमर बसून गेलती. मग हात वर केला आनि टाकला.

हिरवा टॉवेल आत जाऊन पडला.

रिक्षाच्या पायरीवर कोण न्हवतं.

खिडकीत तो माणूस बसला हुता. पांढरा शर्ट. मांडीवर पिशवी.

तो तिच्याकडं बघत राह्यला. मग संपावरच्या माणसांकडं. मग परत तिच्याकडं. त्याला कळलं हुतं.

"आक्का," तो म्हणला, "धरलेल्या जागेवरनं गाडी हालल्याशिवाय आमाला उठता येत न्हाय."

"व्हय?" गुणाबाई म्हणली. "मग बसा की निवांत. हवा येतीया खिडकीतनं."

तो रागावला न्हाय. तेच वाईट. मान हालवली आनि म्हणला, "तुमी माझ्यासाठी जागा धरलीसा. मी इसरणार न्हाय."

तिनं वळून बघिटलं न्हाय. कपिलेश्वराच्या पुलावरनं, शहापुरातनं, डबा छातीशी धरून ती खासबागेत चालत पोचली. घरात नागुबाई भित्तीकडं तोंड करून पडलेली. बायका हळूहळू जमाया लागलेल्या. गुणाबाईनं त्यांना बाजूला सारलं, भनीला मांडीवर घेतलं आनि आंबिलीचा चमचा व्हटाला लावला.

नागुबाईनं गिळलं. डोळं उघडलं.

"मीठ कमी घातलंयस," ती म्हणली.

"उठून घे की मग घालून," गुणाबाई म्हणली, आनि तवा कुटं तिच्या डोळ्यातनं पाणी आलं.

संप लगेच मिटला न्हाय. सगळा बेळगाव डायवरांना शिव्या द्याचा. एकटी गुणाबाई दुपारच्याला आंबिलीचं पातेलं घेऊन खासबागेतनं स्ट्याण्डापतुर चालत जायाची आनि संपावरच्या माणसांना वाढायची. "मागं हटू नका रं," म्हणायची. "सगळ्या मागण्या मान्य झाल्याबिगार चाक हालवायचं न्हाय. ह्यो घ्या, पोटभर प्या." त्यांच्या पुढाऱ्याला वाटलं, हिचा कोणतरी ल्योक डायवर असणार. आनि परत येताना ती त्या खासबागच्या गाडीकडं तिरकी नजर टाकायची. सगळ्या गाड्यांच्या काचांवर धुळीचा थर. त्या एका खिडकीवर न्हाय.

त्या दिवसांत खासबागेत एक बी मयत झाली न्हाय. तुमी कुणालाबी इचारून बघा. म्हातारी माणसं सगळी उन्हात येऊन बसायची, आनि आपण कसं काय बसलोय ते त्यांचं त्यांनाच कळायचं न्हाय.

मग संप मिटला. पयली गाडी खासबागला येणार म्हणल्यावर गुणाबाई हातात काठी घेऊन थांब्यावर जाऊन उभी राह्यली. "मावशी, काठी कशाला?" रविराजनं इचारलं. "कुत्री लई झाल्यात," ती म्हणली. गाडी आली. ती दारात आडवी झाली, एकेकाचं तोंड बघत, एकेकाच्या चपला बघत. सगळ्यांच्या चपलांना माती हुती. खिडकीजवळची जागा मोकळी. टॉवेल न्हाय, पिशवी न्हाय, काय न्हाय. नुस्तं शीटवर कोण लई दिवस बसून गेल्यावानी खळगा.

"आक्का, चढतीस का उतरतीस?" कंडक्टर वैतागला.

ती घरला आली तर नागुबाई परड्यात भांडी घासत बसलेली, आनि सौम्याला सांगत हुती, हिनं मीठ कमी घातलेलं म्हणून मी वाचलो, न्हायतर त्या आंबिलीत काय दम न्हवता. अजून जिती हाय. अजून तेच सांगती.

आता सांगतो ते ह्या उन्हाळ्यातलं. गुणाबाई बाजारातनं परत निघालती. दुपारची येळ, स्ट्याण्डावर ही गर्दी. बेळगुंदीची गाडी लागली तशी सगळी दारावर तुटून पडली. गुणाबाईजवळ आता टाकायला टॉवेल न्हवता. दुसरा घेतलाच न्हाय तिनं. ती सगळ्यांच्या मागनं चढली. गाडी खचाखच. माणसं एकमेकांच्या अंगावर. पोरं मांडीवर.

डायवरच्या मागली, खिडकीजवळची जागा तेवढी मोकळी.

माणसं उभ्या उभ्या घामाघूम हुती, आनि त्या जागेकडं कोण बघत सुदीक न्हवतं. मष्णू तितंच दांडीला धरून उभा हुता. म्हणला, "बस की आक्का. तुझीच हाय की."

शीटवर तिचा टॉवेल पसरला हुता. हिरवा, कडंला पांढरी पट्टी. धुतलेला, घडीच्या रेघा अजून दिसत हुत्या.

गुणाबाईनं टॉवेलाकडं बघिटलं. हात लावला न्हाय. दांडी घट्ट धरली.

"मला न्हाय बसायचं," ती म्हणली, मष्णूला नव्हं. "पाय धडधाकट हाईत माझं. मी उभी ऱ्हातो."

आनि बेळगुंदीपतुर उभी राह्यली. चढावर गाडी कण्हाया लागली तरी उभी. अजून उभीच ऱ्हाती. पोरं उठून जागा देत्यात तर त्यांच्यावर खेकसती. रोज कुठल्या ना कुठल्या गाडीत तो टॉवेल पसरलेला असतोय, आनि रोज ती त्याच्याकडं पाठ करून दांडीला धरून गावात येती. जमंल तवर येणार म्हणती.

झालं. उठा आता, दिवे लागायची येळ झाली. आनि समईवर हात ठेवून शपत घेतलीया म्हणून एक सांगून टाकतो. ह्यातली एक गोष्ट मी मनची घातली. टॉवेल हिरवा न्हवता. त्याला पांढरी पट्टी बी न्हवती. खरा कसा हुता ते मी सांगणार न्हाय. तुमाला उद्या सकाळी गाडीनं जायाचं हाय.